मी गाळा आवरला

चहा येईपर्यंत एक किस्सा सांगून टाकतो. हसण्यासारखा आहे, तेव्हा खुशाल हसा. यात गाढव कोण, हे शोधत बसू नका. मीच आहे.

त्या दिवशी गुरुवार होता. भोसरीत आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी आणि चाकणला माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या, डिझाइन ऑफिसला रविवारी. सगळ्या संसारात आमची सुट्टी कधी एका दिवशी आली नाही. मी घरी होतो. स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून प्लंबर आला होता आणि नळ कसा बसवावा हे मी त्याला शिकवत होतो.

फोन वाजला. मंजिरीच्या ऑफिसमधला कोणीतरी होता.

"सर, तुमच्यासोबत घरी कोणी आहे का?"

"प्लंबर आहे."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "त्यांच्याकडे फोन देता का?"

मी दिला. दुसरं काय करणार? मला वाटलं, याच्याकडचाही नळ गळत असेल. प्लंबरने पान्हा खाली ठेवला, हात पुसले, "हं, हं" करत ऐकलं आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही खाली बसा बरं."

म्हणजे बघा, माझी बायको गेल्याची बातमी आधी प्लंबरला कळली. मीटिंगमध्ये बोलता बोलता तिने टेबलावर डोकं टेकलं, ते उचललंच नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाने सांगितलं, "चांगलं मरण आलं हो." कोणाला चांगलं, ते कोणी सांगितलं नाही.

पण किस्सा हा नाही. किस्सा पुढे आहे.

मंजिरीला एक नाद होता. जुन्या गाडीचा. जुनी म्हणजे आपल्या वडिलांच्या वेळची नव्हे. बोटीतून आलेली, इंग्लिश, लांबलचक, पुढे जेवणाच्या ताटाएवढे दिवे, आत लाकडी डॅशबोर्ड आणि सोफ्यासारख्या सीट. मंजिरी शिकाऊ म्हणून चिंचवडच्या ज्या कंपनीत लागली, तिच्या मालकाची ती गाडी. रोज सकाळी गेटमधून आत यायची. मंजिरी सांगायची, "आवाज असा यायचाच नाही रे. नुसती हवा हलायची आणि कळायचं, शेठ आले." पुढे कंपनी बंद पडली, जागेवर टॉवर उभे राहिले आणि गाडी एका शेडमध्ये कबुतरांच्या ताब्यात गेली. कबुतरांकडून ती मंजिरीने मिळवली.

गाडी ठेवली तळवड्याला, बाळूअण्णांच्या गाळ्यात. अण्णा तिथले मूळचे. शेती गेली त्या जागेवर त्यांनी गाळे बांधले आणि छोट्या कारखानदारांना भाड्याने दिले. एका गाळ्यात पुढे अण्णांचं स्वतःचं वेल्डिंगचं काम चालायचं, मागे अर्ध्यात मंजिरीची गाडी. दर रविवारी ही तिथे. संध्याकाळी परत यायची तेव्हा नखं काळी, केसांना पेट्रोलचा वास आणि चेहरा असा की जणू माहेरी जाऊन आली.

मला मात्र गाळ्यात प्रवेश नव्हता. कारण सांगतो. मी क्वालिटीचा माणूस. सगळी नोकरी भोसरीत क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये गेली. शिवाय कंपनीत फाइव्ह एसचं ट्रेनिंग मी देतो. फाइव्ह एस म्हणजे जपानी लोकांनी शोधलेली आवराआवर. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडा, पुसा, आणि हे रोज करा. आपल्याकडे प्रत्येक आई हे फुकट ओरडून सांगते, पण जपानीत सांगितलं की सर्टिफिकेट मिळतं. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात चहाच्या टपरीवाल्यालाही फाइव्ह एस माहीत आहे.

एकदाच मी गाळ्यात गेलो होतो. दारातच म्हणालो, "पान्हे आकारानुसार लावायला हवेत."

मंजिरीने हातातलं काम खाली ठेवलं. "सुहास, घरात तू डबे उंचीप्रमाणे लावतोस, मी काही बोलते का? इथे क्वालिटी करायची नाही. घरी जा."

मी घरी आलो.

ती गेली तेव्हा गाडीची बॉडी, रंग, सीट, लाकूडकाम सगळं झालं होतं. इंजिन तेवढं सुटं पडलं होतं. आमची मुलगी ऋचा जर्मनीत असते. दिवस झाल्यावर परत जाताना तिने एकच मागितलं.

"बाबा, आईची गाडी विकू नकोस. मी वर्षश्राद्धाला येईन ना, तेव्हा एकदा सुरू करू. आईला जो आवाज ऐकायचा होता तो आपण ऐकू."

"करू की," मी म्हटलं. हे काय, इंजिन जोडायचं तर होतं. मंजिरीच्या ओळखीचे एक शिंदे मिस्त्री होते, लातूरकडचे. जुनी इंजिनं बसवण्यात त्यांच्यासारखा माणूस नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. त्यांना फोन केला. ते गावी होते, पुतणीच्या लग्नाला.

"साहेब, बिनघोर राहा. मी आलो की चार दिवसांत गाडी बोलायला लागते. असली इंजिनं मी डोळे झाकून बसवतो. तुम्ही फक्त सामान लावून ठेवा. चांगलं एकीकडं, खराब एकीकडं."

तुम्हीच सांगा, मला यापेक्षा गोड वाक्य कोणी ऐकवू शकलं असतं का? चांगलं एकीकडे, खराब एकीकडे. माझं आयुष्य या एका वाक्यावर चाललंय.

त्यात अण्णाही म्हणाले, "साहेब, घाई न्हाई. ताईंची जागा हाय, ऱ्हाऊ द्या. निस्तं दिवाळीला माजं नवं मशीन येनार हाय, तवा थोडं एका अंगाला सरकून घ्या."

झालं. मी रजा टाकली आणि बायकोच्या गाळ्यात फाइव्ह एस सुरू केलं.

आता हसू नका, पण ते दिवस मला बरे गेले. घरी बसलं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. इथे झाडायला होतं, पुसायला होतं. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या. फळीवर प्रत्येक पान्ह्याची आकृती काढून तिथे तो पान्हा टांगला. मंजिरी असती तर त्यातला सगळ्यात मोठा पान्हा माझ्या डोक्यात बसला असता. ती नव्हती, म्हणून पट्ट्या सरळ आल्या.

मग क्रेट काढले. कारखान्यात वापरतात ते प्लॅस्टिकचे क्रेट तुम्ही बघितले असतील. हिरव्या क्रेटमध्ये नट-बोल्ट होते, पिवळ्या क्रेटमध्ये नवे कोरे पार्ट. भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून तिने बनवून घेतलेले. त्यात एक कॅमशाफ्ट होता. इंजिनच्या झडपा उघडतो-मिटतो तो दांडा. असा चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. शेजारी तिने काढलेलं ड्रॉइंगही होतं. मी घरून व्हर्नियर आणून मापं घेतली. ड्रॉइंगला तंतोतंत. माझ्या बायकोने बनवून घेतलेला पार्ट मी पास केला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

आणि बाकाखाली, अगदी मागे, दोन लाल क्रेट होते. वर लोखंडी पट्टी टाकून त्यांना कुलूप लावलेलं.

आमच्या पट्ट्याबाहेरच्या माणसासाठी सांगतो. कारखान्यात लाल क्रेट म्हणजे रिजेक्शन. नापास माल. हिंजवडीच्या आयटीवाल्याला कदाचित माहीत नसेल, पण इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि नापास माल कुलपात ठेवायचा असतो, म्हणजे चुकून चांगल्यात मिसळत नाही. हे मी स्वतः दर महिन्याला ट्रेनिंगमध्ये सांगतो.

मी त्या कुलपाकडे बघत राहिलो. ही बाई मला आयुष्यभर म्हणाली, तुझी क्वालिटी तुझ्यापाशी ठेव. आणि इथे, मी बघणार नाही अशा ठिकाणी, तिने माझं ऐकलं होतं. लाल क्रेट. कुलूप. अगदी नियमाने. लग्नानंतर एवढं कौतुक मला तिच्याकडून कधी मिळालं नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसलो. अण्णांनी पाणी आणून दिलं.

किल्ली सापडली नाही. अण्णांच्या वेल्डरने कुलूप कापलं. आत मंजिरीच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं सामान. एक काळाकुट्ट कॅमशाफ्ट, त्यावर बारीक टोचे पडलेले. दोन कार्बोरेटर, तेही काळे. आणखी बरंच, सगळं तेलकट, सगळं जुनं.

तुम्ही म्हणाल, इतक्या मायेने गुंडाळलेलं बघून शंका आली नाही? आली. मी तिचं उत्तरही स्वतःला देऊन टाकलं. म्हटलं, तेल गळू नये म्हणून गुंडाळलं असणार.

आता इथे दुसरा कोणी असता तर त्याने ते सामान कोपऱ्यात टाकलं असतं. किंवा फार तर भंगारात दिलं असतं. भंगारात दिलेली वस्तू माणूस परत मागून आणू शकतो. पण मी दुसरा कोणी नव्हतो. आमच्यात नियम आहे की नापास पार्ट तसाच बाहेर जाऊ द्यायचा नाही. कोणीतरी पॉलिश करून बाजारात विकतो. म्हणून आधी तो कापायचा, ठेचायचा, पुन्हा कधी कुठल्या मशीनला लागणार नाही असा करायचा, मग भंगारात.

वेल्डरने कॅमशाफ्टचे तुकडे केले. कार्बोरेटर मी स्वतः घणाने फोडले. अण्णा दारात उभे होते.

"साहेब, लई जोर लावताय."

"अण्णा, काम पक्कं झालं पाहिजे."

"व्हय, ते हाय म्हना. पर ताईंनी जपून ठिवलं व्हतं नव्हं?"

"जपून नाही ठेवलं, अण्णा. वेगळं ठेवलं. त्यात फरक आहे."

"आसंल. तुमी त्यातलं मानूस."

मला हे सांगायला बरं वाटत नाही, पण तो घण मारताना मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. वेल्डरच्या डब्यातली भाकरी आम्ही दोघांनी खाल्ली. साडी घरी आणून धुतली. तुकडे दुसऱ्या दिवशी कुदळवाडीच्या भंगारवाल्याच्या टेम्पोत गेले.

गाळ्याचे फोटो काढले. आवरण्याआधीचा आणि आवरल्यानंतरचा. कंपनीच्या ग्रुपवर टाकले. आमचे प्लँट हेड इतके हेलावले की त्यांनी ते मोठे छापून कँटीनसमोरच्या बोर्डावर लावले. खाली लिहिलं, 'फाइव्ह एस घरापासून'. लोकांनी येऊन हात मिळवले. बायको गेल्यावर मिळवले नव्हते इतके मिळवले.

शिंदे मिस्त्री गावाहून आले. दारातच थबकले.

"साहेब, हा गाळा हाय का दवाखाना?"

मी काही न बोलता हसलो. अशा वेळी आम्ही काही बोलत नसतो, काम बोलतं.

मिस्त्रींनी चपला काढल्या. खरंच काढल्या. पिवळे क्रेट बघितले, हिरवे बघितले, बाकाखाली वाकून बघितलं, मग गाडीखाली बघितलं.

"लाल क्रेट कुठं ठेवले?"

"कुठले?"

"कुलपातले. इंजिनचं सामान."

"इंजिनचं सामान इथे आहे." मी पिवळ्या क्रेटवर हात ठेवला.

"हे ट्रायलचं हाय. हे ताईंनी बनवून बघितलं होतं, बसलं न्हाई. ड्रॉइंगला बसतंय, गाडीला बसत न्हाई. ताई स्वतःच हसायच्या त्या ड्रॉइंगला. म्हणायच्या, नवऱ्याला दाखवलं तर पास करील."

मी व्हर्नियर खिशात टाकलं.

"ओरिजिनल माल लाल क्रेटात हाय," मिस्त्री म्हणाले. "कंपनीचा कॅमशाफ्ट. कार्बोरेटर. विलायतेतून आलेले. मीच ताईंना तेल लावून गुंडाळून दिलेले. कुठं ठेवले?"

"पण लाल क्रेटमध्ये का?" मी विचारलं.

"मीबी हेच विचारलं होतं. तर ताई म्हणल्या, मिस्त्री, इथं आजूबाजूला सगळे कारखान्यातले लोक. चोरी करायची झाली तर पिवळं उचलतील, हिरवं उचलतील. लाल क्रेटाला या पट्ट्यात चोरसुद्धा हात लावत नाही. आणि कुलूप लावलं तर सोन्याहून पिवळं. म्हणतील, लई खराब माल दिसतोय."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी बाहेर, रस्त्याकडे बघितलं.

"साहेब, क्रेट कुठं हायत?" मिस्त्रींनी पुन्हा विचारलं.

मग सांगितलं. काय करणार? मिस्त्री आधी समजलेच नाहीत. त्यांना वाटलं, भंगारात दिलं. "मग चला की कुदळवाडीला, आत्ता जाऊ, शोधू," असं म्हणत ते चपला घालायला लागले. मला त्यांना थांबवून सांगावं लागलं की त्याचे तुकडे करून दिलेत. घणाने फोडून दिलेत. पुन्हा कुठल्याच मशीनला लागू नये म्हणून.

मिस्त्रींनी एका पायात घातलेली चप्पल पुन्हा काढली.

"कामून?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पूर्ण ट्रेनिंगसकट आहे. पण तिथे मी दुसरंच दिलं.

"तुम्हीच सांगितलं होतं ना," मी म्हटलं, "चांगलं एकीकडे, खराब एकीकडे."

"अहो, एकीकडं ठेवा म्हणलो होतो. जिवे मारा म्हणलो होतो का?"

"मिस्त्री, तुमीबी त्या दिशी फोनवर नीट सांगायला पायजे व्हतं," अण्णा मध्येच म्हणाले.

"मी? मी लग्नात होतो. बँड वाजत होता मागं. आणि तुम्ही इथं उभे होता न्हवं? तुम्हाला माहीत होतं की ताई ते क्रेट किती जपायच्या."

"मला म्हाईत व्हतं. पर साहेब क्वालिटीत हायत. मला वाटलं, ताईंनी जाताना सांगितलं आसंल."

"जाताना तिने काही सांगितलं नाही, अण्णा," मी म्हटलं.

तेवढ्यात चहा आला. मिस्त्रींनी अर्धा पिऊन ग्लास खाली ठेवला. तो नेमका मी मारलेल्या पिवळ्या पट्टीवर ठेवला. मी तो उचलून पट्टीच्या आत सरकवला. काही सवयी माणसाची जन्मात इज्जत ठेवत नाहीत.

तरी कुदळवाडीला गेलो. भंगारवाला सज्जन होता. म्हणाला, "साहेब, तुमचा माल लक्षात आहे. इतका व्यवस्थित तोडलेला माल आमच्याकडे येत नाही. लगेच भट्टीला गेला." त्याने मला पाणी विचारलं आणि पुढच्या वेळीही त्याच्याकडेच माल द्यायची विनंती केली.

तसे कार्बोरेटर आता मिळत नाहीत. मिस्त्रींनी चार ठिकाणी फोन लावले. सगळ्यांना ठासून सांगितलं की हे त्यांच्या हातून घडलेलं नाही. नंतर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकता येईल. डिझेलचं. फर्स्टक्लास चालेल. फक्त आवाज ट्रॅक्टरचा येईल."

सोमवारी कंपनीत ट्रेनिंग होतं. रद्द करता आलं असतं, केलं नाही. बोर्डावरच्या माझ्याच फोटोंसमोरून गेलो आणि लाल क्रेट, कुलूप, कापून मगच बाहेर, हे सगळं नेहमीप्रमाणे सांगितलं. मागे बसलेल्या एका सुपरवायझरने हात वर केला.

"सर, लाल क्रेटमध्ये चुकून चांगला पार्ट असला तर?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी एक क्षणही न थांबता उत्तर दिलं. इतकी वर्षं देतोय, तोंडात बसलंय.

"असं होत नाही. सिस्टिम आहे आपली."

त्यांनी लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी ऋचाचा व्हिडिओ कॉल आला. कंपनीतल्या कोणीतरी ते फोटो पुढे पाठवले होते, ते फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचले होते.

"बाबा, काय चकाचक केलंयस तू. आईने तुला आत तरी येऊ दिलं असतं का? बिचारी बघायला हवी होती."

"हो ना," मी म्हटलं.

"मग, मिस्त्री आले का? कधी बसवतायत इंजिन?"

"आले. बघतायत."

"मी तिकीट काढलंय. आणि ऐक, इंजिन बसलं तरी मी येईपर्यंत सुरू करून ऐकू नकोस हं. पहिल्यांदा आपण दोघं मिळून ऐकू. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं. आयुष्यात इतक्या खात्रीने पाळता येईल असं वचन मी कधी कोणाला दिलं नव्हतं.

ती पुढच्या महिन्यात येतेय. तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.